लॉगमधल्या सात ओळी

डॉ. छाया ऑफिसात आल्या तेव्हा मयुरी डबा उघडत होती. वर्ध्यात बियाण्यांच्या एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, चार संगणक आणि पाच माणसं, एवढंच ते ऑफिस. एका संस्थेच्या तोंडाच्या कर्करोगाच्या शिबिरांसाठी त्यांनी टॅबवर चालणारा प्रोग्रॅम बनवला होता. छायाबाई त्या शिबिरांच्या दंतवैद्य. काही अडलं तर त्या फोन करत, स्वतः कधी जिना चढत नसत.

"मयुरी, आष्टीच्या शिबिरातले लाल किती दिसतात तुला?"

प्रोग्रॅममध्ये तपासणीनंतर तीन रंगांपैकी एक दाबायचा असे. हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, लाल म्हणजे ताबडतोब रुग्णालयात. मयुरीने डब्याचं झाकण परत लावलं आणि यादी उघडली.

"पाच, मॅडम."

"सहा होते."

"पाचही जणांना फोन गेलेत. पाचही येऊन गेले."

"ते मलाही माहीत आहे, मीच तपासले. सहावा कुठे आहे?" छायाबाई तिच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. "हिरवं दाबताना मी मोजत नाही ग. लाल दाबताना हात जड होतो, ते लक्षात राहतं. सहा वेळा दाबलं."

"माणूस आठवतो का?"

"डावा गाल, आतून, शेवटच्या दाढेजवळ. पांढरा चट्टा, मधोमध व्रण, कडा बोटाला कडक लागत होत्या. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन तोंड आखडलेलं. तीन बोटं जायला हवीत, दोनच जात होती." त्यांनी दोन बोटं उभी धरून दाखवली. "कपाळावर बॅटरी, समोर चारशे माणसांची रांग. मला आतलं आठवतं. बाहेरचा माणूस नाही आठवत."

शिबिराला अकरा आठवडे होऊन गेले होते.

मयुरीने लॉग उघडला. लॉग म्हणजे प्रोग्रॅमची रोजनिशी. काय केलं, कधी केलं, कुठे अडलं, ते प्रोग्रॅम तिथे लिहीत जातो. शिबिराच्या तारखेवर ती थांबली. शेकडो ओळींमध्ये विखुरलेल्या सात ओळी शब्दाशब्दाने सारख्या होत्या. फक्त वेळ वेगळी. अकरा बेचाळीस, नोंद जतन झाली नाही. बारा दहा, नोंद जतन झाली नाही. बारा सदतीस. अशा सात.

कोणाची नोंद, ते कुठल्याच ओळीत नव्हतं.

शिबिरात त्या दिवशी टोकनं वाटली गेली चारशे बारा. जतन झालेल्या नोंदी चारशे पाच. हे दोन आकडे वेगवेगळ्या पानांवर अकरा आठवडे पडून होते आणि ते कोणी शेजारीशेजारी ठेवले नव्हते. मयुरीनेही नाही.

छायाबाईंनी विचारलं, "म्हणजे नावं त्या ओळीच्या मागे कुठेतरी असतील ना?"

"नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

मयुरीला ते सांगणं भाग होतं. नोंद जतन करणारं एक फंक्शन होतं. त्याच्या हाती टोकन, नाव, वय, मोबाईल नंबर, फोटो आणि रंग दिला जाई. हाती दिलेल्या या गोष्टी म्हणजे त्याची आर्ग्युमेंट्स. काही बिघडलंच तर प्रोग्रॅम कोसळू नये म्हणून फंक्शन ती चूक झेलून घेई, लॉगमध्ये एक ओळ लिही आणि पुढच्या माणसाकडे वळे. चूक झेलली गेल्यामुळे टॅबला कळे की सगळं ठीक आहे. मग जागा मोकळी व्हावी म्हणून टॅब आपल्याकडचा फोटो आणि मजकूर पुसून टाके. म्हणजे त्या सात जणांची माहिती इथवर आली होती, फंक्शनच्या हातात पडली होती आणि तिथेच विरली होती. कागद नव्हताच. 'कागदविरहित शिबीर' असं मंडपाच्या दारावर फलकच लावला होता.

एक गोष्ट तिने तेव्हा सांगितली नाही. पूर्वी त्या ओळीत आर्ग्युमेंट्स लिहिली जात होती. तिनेच ती लिहिली होती. सहा महिन्यांपूर्वी ऑफिसचे मालक भूपेंद्र सर तिच्या मागे उभे राहून लॉग बघत होते आणि एकदम ओरडले होते, "अरे, ये क्या है? रोग्याचं नाव, नंबर, रोग, सगळं उघडं! कोणी फोटो काढून गावभर फिरवला त? काढ ते." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. नाव काढायचं, नंबर झाकायचा आणि टोकन तेवढं ठेवायचं, हे मयुरीला त्या क्षणीही माहीत होतं. पण शनिवार होता, घरी सेलूला जायची बस सुटायला वीस मिनिटं होती. तिने सगळी आर्ग्युमेंट्स एका फटक्यात पुसली. सोमवारी टोकन परत घालू, असं मनाशी म्हणाली. सोमवारी दुसरंच काम आलं.

भूपेंद्र सरांनी दुपारी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सातच ना? परसेंट किती होते?"

"एक पूर्णांक सात."

"मंग? दोनच्या आत आहे. रिपोर्टात टाक अन् पुढचं पाह्य."

"सर, त्यातला एक लाल आहे. बाकी सहांचे रंग तर आपल्याला माहीतच नाहीत."

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. वाईट माणूस नव्हता तो. "टॅबमधून निघत असन त काढ. पैसे लागले त मी देतो."

टॅब त्यानंतर आणखी चार शिबिरांना जाऊन आले होते आणि प्रत्येक शिबिराआधी कोरे केले गेले होते. नागपूरच्या एका दुकानदाराने ते दोन दिवस ठेवून घेतले आणि तसेच परत दिले.

मग मयुरीने उलट्या बाजूने सुरुवात केली. माणसं सापडत नसतील तर निदान ती कशामुळे गळाली ते सापडेल. तिने फंक्शनला मुद्दाम चुकीची माहिती देऊन पाहिली. नाव कोरं ठेवलं. नाव शंभर अक्षरी दिलं. वय शून्य दिलं, एकशे दहा दिलं. एकच टोकन दोनदा दिलं, अर्धवट फोटो दिला. फंक्शन प्रत्येक वेळी शहाण्यासारखं वागलं. दीड दिवसात तिने वहीत त्रेचाळीस प्रयोग लिहिले आणि त्रेचाळिसांपुढेही फुली मारली. ओळीत आर्ग्युमेंट्स असती तर हे काम पाच मिनिटांचं होतं.

तिसऱ्या दिवशी तिने रुपेशला बोलावलं. शिबिरात टॅबवर माहिती भरायला तो बसत असे. आर्वीचा, बारावी झालेला, चोवीस-पंचवीसचा. हात भारी चपळ.

"शिबिरात भरत होतास तसंच भरून दाखव. मी पेशंट."

"मंग नीट पेशंटसारखं बसा ना, ताई. आमचे पेशंट असे ताठ नाई बसत." त्याने टॅब मांडीवर घेतला. "हं, नाव सांगा बाबा. वय? साठ? मागच्या खेपीले पण साठच सांगितलं होतं. मोबाईल?"

"मोबाईल नाही माझ्याकडे," मयुरी म्हणाली.

"मंग कोणाचा देता? पोराचा? सांगा. अन् गावातला? दुकानवाल्याचा? सांगा." त्याने दहा आकडे टाकले, मध्ये एक तिरपी रेघ मारली, पुढे आणखी दहा टाकले आणि बटण दाबलं. "झालं. पुढचे कोण?"

मयुरी त्या तिरप्या रेघेकडे बघत राहिली. शेजारच्या पडद्यावर लॉगमध्ये नवी ओळ उमटली होती. नोंद जतन झाली नाही.

"काऊन टाकले दोन?" तिच्या तोंडून सेलूची भाषा निघाली.

"दोनच देते ना ते लोक. ज्याच्यापाशी सोताचा फोन नाई तो दोन देते. पोरगा पुण्याले कंपनीत, तिथं पाळीवर असताना फोन जमा करते. दुकानवाला उचलते, पण निरोप पोचवीन याची गॅरंटी नाई. दोन्ही दिले म्हणजे एकतरी लागन." तो गोंधळला. "चुकलं का काही? एकच टाकाचा होता त कोणता टाकाचा, तुम्हीच सांगा."

 मोबाईल नंबर दहा आकडी असतो, हे मयुरीने गृहीत धरलं होतं. एका माणसाचा एक नंबर. हे गृहीतक लिहिताना तिला गृहीतक वाटलंसुद्धा नव्हतं.

"त्या दिवशी दोन नंबर देणारं कोणी आठवतं का, रुपेश? कोणीही."

"पाच-सात होते. एक आठवते. दोरवाला होता, बाजारात कासरे, दावे विकते तो. मले म्हणे, पयला नाई लागला त दुसरा लावजो, अन् दोन्ही मेले त शिवेवर येऊन हाक मारजो, मी ओ देईन." रुपेश हसला आणि मग मयुरीकडे पाहून हसायचा थांबला. "तोच हाये का तो?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी दोघं आष्टीला गेले. छायाबाईंची ओपीडी होती. "तोंडाच्या आतला फोटो काढ आणि मला पाठव, मी फोन हातातच ठेवते," असं म्हणून त्यांनी आपली बॅटरी मयुरीच्या पिशवीत टाकली. शिबीर मुद्दाम बाजाराच्या दिवशी ठेवलं होतं, कारण त्या दिवशी पंचवीस गावांची माणसं आपण होऊन आष्टीत येतात. त्यामुळेच आता गावांची यादी नव्हती. शिवाय सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली होती. पंधरा दिवसांत फोन आला तर यायचं, नाही आला तर तुम्ही ठणठणीत. कोणाला निरोप मिळाला नाही म्हणून बाजारभर विचारत फिरण्यात अर्थ नव्हता. निरोप जवळजवळ कोणालाच मिळाला नव्हता, आणि सगळे त्यातच खूश होते.

दोरांच्या दुकानापाशी एक बाई बसली होती. समोर पोत्यावर दाव्यांच्या जुड्या.

"दोर विकणारे बाबा कुठे आहेत?" मयुरीने विचारलं.

"कोन, आमचे? डोमाजी? काय काम हाये?"

शेजारचा लसूणवाला मध्येच बोलला, "इलेक्शन त झालं ना बाई? आता काऊन घरं शोधून राह्यल्या?"

"तू लसून ईक," ती त्याला म्हणाली, आणि मयुरीकडे वळली. "ते नाई येत आता बाजारात. वरडता येत नाई त्यायले. तोंड दुखते. दाढेचं दुखनं हाये."

तिचं नाव शकुंतलाबाई. मयुरीने शिबिराचं नाव काढताच तिचा चेहरा उजळला. "हो हो, दाखवलं होतं ना तिथं! रोज दुकानात जाऊन इचारे मी, फोन आला का म्हून. पंधरा दिस नाई आला. सोळाव्या दिसी मारुतीपाशी नारय फोडला, सगळ्या आळीत खोबरं वाटलं."

रुपेश मान खाली घालून मोटारसायकलची किल्ली खिशातल्या खिशात वाजवत राहिला.

त्यांचं गाव बोरखेडी, तिथून बारा किलोमीटर. संत्र्यांच्या बागांमधून जाणारा रस्ता, मध्येमध्ये उखडलेला. डोमाजी ओसरीत दोर वळत बसले होते. उंच, वाळलेला माणूस. शेजारी वाटीत ताकात कालवलेला भात, वर साय धरलेला. त्यांनी रुपेशला लगेच ओळखलं.

"आला का? फोन नाई लागला वाट्टे." शब्द दातांच्या फटीतून आल्यासारखे येत होते.

मयुरी त्यांच्यासमोर बसली. "बाबा, तोंड उघडता का?"

त्यांनी उघडलं. तिने आपलं एक बोट आडवं धरलं. ते गेलं. दुसरं गेलं नाही. बॅटरी लावून तिने वाकून पाहिलं, डावीकडे, आत. ती डॉक्टर नव्हती. पण आत जे होतं ते कळायला डॉक्टर असण्याची गरज नव्हती. वासाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने फोटो काढला. रेंज मिळायला रुपेश फोन घेऊन देवळाच्या ओट्यावर चढला.

दहा मिनिटांनी छायाबाईंचा फोन आला. "तोच आहे," त्या म्हणाल्या. मग, "मयुरी, जबड्याच्या खाली, डाव्या बाजूला, बोटं फिरव. हळू. काही लागतं?"

"गाठ आहे. बोराएवढी."

"हलते?"

"नाही."

  

"ती तेव्हा नव्हती," छायाबाई म्हणाल्या. "मी तेव्हा तिथेच दाबून पाहिलं होतं. नव्हती." मग नेहमीच्या आवाजात, "आजच्या आज घेऊन ये. मी बोलून ठेवते."

डोमाजी दोघींचं बोलणं तिच्या चेहऱ्यावरून ऐकत होते. त्यांनी हातातला दोर बाजूला ठेवला.

"निरोप नाई आला त चांगलं, असं तुम्हीच म्हटलं होतं ना?"

"हो. आम्हीच म्हटलं होतं."

"मंग?"

मयुरीने येताना वाटेत वाक्यं जुळवली होती. तांत्रिक अडचण, माहितीचा गोंधळ. त्यातलं एकही तिला आता तोंडातून काढता येईना. "बाबा, निरोप यायला हवा होता. पंधरा दिवसांत नाही, दुसऱ्याच दिवशी. चूक माझी आहे. माझ्या हातून झाली."

 डोमाजी उठले, खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून एक चिठ्ठी काढून त्यांनी तिच्यासमोर उलगडली. वहीच्या कागदावर कोणीतरी मोठ्या अक्षरात दोन नंबर लिहून दिले होते.

"दोन्ही खरे हायेत, बाई. एक अंक चुकला नाई. म्या हेच वाचून दाखवलं होतं त्याले. पाहा ना तुम्ही लावून."

"तुमचं चुकलं नाही, बाबा."

"मंग माझं नाव तुमच्या मशीनीत गेलंच नाई का?"

"गेलं होतं." यापेक्षा वेगळं सांगता येण्याजोगं काही नव्हतं. "आतपर्यंत गेलं होतं. ठेवलं नाही."

त्यांना ते कळलं की नाही, समजायला मार्ग नव्हता. त्यांनी चिठ्ठीची पुन्हा नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. "आता गेलं त बरं होते ना?"

सायन्सच्या वर्गात मयुरीला एक सवय लागली होती. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. तिने ते म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हणाली, "चला, बाबा. गाडी बघते."

गाडी गावात एकच होती, किराणा दुकानदार बंडूजीच्या भावाची ऑटो. बंडूजीच्या दुकानापुढे डोमाजी पिशवी मांडीवर घेऊन ऑटोत बसले. आष्टीत शकुंतलाबाईला घेऊन पुढे वर्ध्याला जायचं ठरलं. चिठ्ठीतला दुसरा नंबर बंडूजीचाच होता. सगळी हकिगत त्याला रुपेशने सांगितली. मयुरीने फक्त एवढंच विचारलं, "त्या दिवशी शिबिरात जाऊन तुमचा नंबर दिलेलं आणखी कोणी गावात आहे का? अजून सहा जण आहेत. कुठल्या गावचे, ते माहीत नाही."

"माहा नंबर?" बंडूजी हसला, पण त्या हसण्यात मजा नव्हती. "अवो बाई, माहा नंबर अर्धं गाव देते. ब्यांकेत देते, दवाखान्यात देते, पोरीच्या सासरी देते. अन् या गावाचं सोडा. प्रत्येक गावात एक बंडूजी हाये. तुम्ही कोन्या कोन्या गावाले जासान?"

"तरी सांगा. आठवतील तेवढे."

तिने वही उघडली. त्रेचाळीस फुल्यांचं पान उलटलं आणि नव्या पानावर गावाचं नाव लिहिलं.

बंडूजीने गल्ल्यावर हात टेकून सांगायला सुरुवात केली. महादेवराव, ते तर वारले, पण तोंडाच्या रोगाने नाही. त्यांचा भाऊ. पलीकडच्या वस्तीतली आनंदाबाई, ती त्या दिवशी बाजारात गेलती की नाई कोण जाणे. एक संत्रं तोडायला आलेलं कुटुंब होतं, नवरा-बायको दोघंही खर्रा खायचे, दोघांनीही बंडूजीचाच नंबर घेतला होता. मागच्या महिन्यात ते निघून गेले, मध्य प्रदेशात कुठेतरी.

"नाव?" मयुरीने विचारलं.

"नाव कोन इचारते, बाई? म्या नंबर लिहून देल्ला."

ऑटोवाल्याने इंजिन सुरू केलं. डोमाजींनी एका हाताने गाल धरला होता. त्यांनी बाहेर पाहून मान हलवली, निघू म्हणून. मयुरी चालत चालत लिहीत ऑटोत चढली. बंडूजी पायरी उतरून गाडीच्या बाजूने येऊ लागला आणि आठवेल तसं एकेक नाव सांगत राहिला. ऑटोच्या आवाजात त्यातली निम्मीच तिला ऐकू येत होती.